दॅटच्या आधी की दॅटच्या नंतर

आमच्या घरात रविवारी भांडण झालंच तर ते मटणावरून होतं. पांढऱ्यात खोबरं जास्त पडलं का, तांबड्यावर कट का आला नाही, नळी कुणाच्या ताटात गेली, असले गंभीर विषय. गेल्या रविवारी मात्र इंग्रजी कॉमावरून झालं आणि ते इतकं पेटलं की शेवटी आई पातेलं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी वाढतो, मग बसा रात्रीपर्यंत भांडत, रस्सा गार झाला तर मला सांगायचं नाही."

सुरुवात माझ्यामुळेच झाली. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं बघते, म्हणजे भट्टी, मोल्डिंग, फेटलिंग हे सगळं खाली शॉपमध्ये चालतं आणि मी वर एसीत बसून जर्मनीच्या नि इटलीच्या लोकांना मेल लिहिते. अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका कस्टमरला मी लिहिलं, "वी विल पॅक द ब्रॅकेट्स, फ्लँजेस अँड हाउसिंग्ज इन वुडन बॉक्सेस." माझ्या डोक्यात काय, तर ब्रॅकेट आणि फ्लँज नेहमीसारखे कार्टनमध्ये भरून पॅलेटवर रचायचे आणि हाउसिंग तेवढं लाकडी पेटीत, कारण ते नाजूक आणि लाकडी पेटी म्हटलं की हीट ट्रीटमेंटचा शिक्का वगैरे सगळा खर्च वाढतो. कस्टमरने काय वाचलं, तर तिन्ही लाकडी पेटीत. माल पोचला, त्यांनी कार्टनचे फोटो काढून पाठवले आणि पाठोपाठ रीपॅकिंगच्या खर्चाची डेबिट नोट आली. साहेब मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्या मेलची प्रिंट काढून माझ्या टेबलवर ठेवली आणि ते वाक्य हायलायटरने पिवळं केलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीच प्रिंट मी घरी आणली. बाबांनी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात लाल पेन असतंच, लग्नपत्रिका हातात आली तरी आधी स्पेलिंग बघतात मग नवरा-नवरीची नावं. आणि जेवायला आला होता माझा मामेभाऊ, त्याला घरात सगळे वकीलच म्हणतात. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आल्यापासून, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टपासून, त्याची कॉलर जरा जास्तच कडक झालीय, पण ते एक असो.

बाबांनी चष्मा लावला, वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्यात चूक काय आहे? वाक्य करेक्ट आहे. अँडच्या आधी कॉमा नाही, बरोबर आहे."

वकील म्हणाला, "काका, तिथंच तर घोळ झालाय न्हवं. अँडच्या आधी कॉमा पायजेच होता."

"अँडच्या आधी कॉमा म्हणजे धोतरावर पट्टा," बाबा म्हणाले, आणि मग झालं सुरू.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन-चार गोष्टींची यादी असेल तर शेवटच्या अँडच्या किंवा ऑरच्या आधी जो कॉमा देतात त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या घरच्या नियमात तो आहे. पण म्हणून इंग्लंडमध्ये सगळे तो देतात असं अजिबात नाही, तिकडची बरीच जनता देत नाही, उलट अमेरिकेतली पुस्तकं सर्रास देतात आणि अमेरिकेतलीच वर्तमानपत्रं शक्यतो देत नाहीत. म्हणजे नाव इंग्लंडचं, संसार अमेरिकेत, आणि तिथेही घरात एकमत नाही. आम्हाला शाळेत जे इंग्रजी शिकवलं ते जुन्या ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे बाबांच्या पिढीला तो कॉमा दिसला की खडा लागल्यासारखं होतं.

वकिलाने मग आपला हुकमाचा एक्का काढला, तो म्हणजे दूधवाल्यांची केस. आता दुधाचा विषय निघाला की कोल्हापूरकर कान टवकारणारच, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारी माणसं आम्ही. तर अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथे ओकहर्स्ट नावाची डेअरी. तिथल्या ड्रायव्हर लोकांनी ओव्हरटाइम मागितला. कायद्यात लिहिलेलं होतं की अमुक अमुक कामांना ओव्हरटाइम नाही, आणि त्या कामांच्या यादीचा शेवट असा होता: "स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन." आता शिपमेंटनंतर कॉमा नाही. कंपनी म्हणाली पॅकिंग हे एक काम आणि डिस्ट्रिब्यूशन हे दुसरं काम, ड्रायव्हर डिस्ट्रिब्यूशन करतात, म्हणून त्यांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले छे हो, हे सगळं मिळून एकच काम आहे, शिपमेंटसाठी किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठी केलेलं पॅकिंग, आणि आम्ही कुठे पॅकिंग करतो, आम्ही गाडी चालवतो. २०१७ साली अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, निकालाची सुरुवातच अशी की एका कॉमाअभावी ही केस उभी राहिली, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

"एका कॉमाला पन्नास लाख डॉलर," वकील बोट नाचवत म्हणाला, "काका, आता बोला."

बाबा बोलले नाहीत, रस्सा ओढला. पण नंतर मी वाचलं तेव्हा बाबांच्या बाजूचाही एक मुद्दा सापडला तो इथे सांगायलाच पाहिजे. त्या राज्यात कायदे लिहिणाऱ्यांसाठी जी नियमावली होती तिच्यातच म्हटलेलं होतं की असा कॉमा देऊ नका. म्हणजे लिहिणाऱ्याने नियम पाळला आणि नियम पाळूनच घोळ केला. पुढे तिथल्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला तेव्हा त्यांनी काय केलं माहितीय? कॉमा द्यायचा की नाही ह्या भानगडीत न पडता सरळ सेमिकोलन टाकले. दोन म्हशींच्या भांडणात तिसराच दावं सोडून गेला.

आता माझं मत. त्या दिवशी कॉमा टाकला असता तरी मी वाचले नसते. "ब्रॅकेट्स, फ्लँजेस, अँड हाउसिंग्ज इन वुडन बॉक्सेस" असं लिहिलं तरी ज्याला तिन्ही पेटीत बघायचे आहेत तो तिन्ही पेटीतच बघणार. ते वाक्य मुळातच एका ताटात दोन भाज्या कालवल्यासारखं होतं, मला दोन वाक्यं लिहायला पाहिजे होती. पण हे मी बोलले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की हिला विचारलंय कुणी.

वकिलाकडे आपल्या देशातलीही एक केस होती, आणि ती मला दूधवाल्यांपेक्षा जास्त आवडली, कारण ती महाराष्ट्रातूनच सुप्रीम कोर्टात गेलेली. १९७९ च्या एआयआरमध्ये, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये, आहे म्हणाला. औषधांच्या कायद्यात, म्हणजे ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्टच्या २७ व्या कलमात, शब्द आहेत "सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल". एका माणसाकडे औषधं सापडली, पण तो ती विकायला बाळगत होता हे काही सिद्ध होत नव्हतं. प्रश्न असा की नुसती बाळगणं हा गुन्हा आहे का? कोर्ट म्हणालं, स्टॉक्स ह्या शब्दानंतर कॉमा नाही, म्हणजे स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल हे एक सलग आहे, म्हणजे विक्रीसाठी बाळगली तरच गुन्हा. माणूस सुटला. नसलेल्या कॉमाने सोडवला.

मग मीच विचारलं, म्हणजे आपल्याकडे कोर्ट कॉमाला एवढं मानतं? तर वकील जरा चाचरला, म्हणाला तसं न्हाई, १९५२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हं ही गौण गोष्ट आहे. म्हणजे गरज पडली तर कॉमा देव, नाही तर दगड. बाबांना एवढंच पाहिजे होतं, त्यांनी लगेच भाकरीचा तुकडा उंच धरून "गौण! गौण!" असं दोनदा म्हटलं.

बाबांचा स्वतःचा कॉमाचा नियम एकच, आणि तो त्यांनी हजारो पोरांना शिकवलाय. कॉमाला एक मोजायचं, फुलस्टॉपला दोन मोजायचे. वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे कॉमा. मी पण तसंच शिकले, तिसरीत का चौथीत बाबा छडीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही वाचायचो. मला बरेच दिवस वाटायचं की हा बाबांचाच शोध आहे, तर नाही, १७९५ साली लिंडले मरे नावाच्या गृहस्थाने जे इंग्रजीचं व्याकरण काढलं त्यात हाच हिशोब आहे: कॉमा सगळ्यात छोटा थांबा, सेमिकोलन त्याच्या दुप्पट, कोलन त्याच्या दुप्पट, आणि फुलस्टॉप त्याच्याही दुप्पट. तबल्याच्या मास्तरांनी लिहिल्यासारखं. त्या काळात लोक मोठ्याने वाचायचे त्यामुळे ते चाललं असेल. आता मेल कोण मोठ्याने वाचतं? आजच्या इंग्रजीत कॉमा श्वासासाठी नसतो, वाक्याचा कुठला भाग कुठे सुटा करायचा ते दाखवायला असतो. बाबांचा नियम चुकीचा नाही, फक्त सव्वादोनशे वर्षं जुना आहे. हे मी त्यांना सांगितलं, त्यांना त्यातलं फक्त "चुकीचा नाही" ऐकू आलं.

आणि इथेच मला एक गोष्ट सुचली जी मी बरेच दिवस मनात घोळवतेय. आपण कॉमाला म्हणतो काय? स्वल्पविराम. म्हणजे थोडी विश्रांती. पूर्णविराम म्हणजे पूर्ण विश्रांती. नावातच थांबणं आहे. आणि कॉमा हा शब्द मूळचा ग्रीक, त्याचा अर्थ कापून काढलेला तुकडा. म्हणजे ते लोक कापतात आणि आपण तिथे विसावा घेतो. मटण खाताना हे सुचलं हा योगायोग नाही बहुतेक.

आपल्याला विसावाच पुरत होता त्याला कारण आहे. माझ्या पणजोबांचं एक खरेदीखत आहे मोडीतलं, पन्हाळ्याच्या बाजूच्या जमिनीचं. ते वाचून घ्यायला एका मोडी वाचकांकडे गेले होते, तेव्हा मी बघितलं तर त्या कागदावर एक कॉमा नाही, फुलस्टॉप नाही, दोन शब्दांत धड जागा पण नाही, डोक्यावरची रेघ ओढली आहे आणि तिच्याखाली अक्षरं अशी पळतायत जशी पंचगंगेला पूर आल्यावर जलपर्णी. मी विचारलं वाक्य कुठे संपतं ते कसं कळतं हो? ते म्हणाले, क्रियापद आलं की संपलं. बस. मराठीत क्रियापद शेवटी बसतं तेच पूर्णविरामाचं काम करतं. कोणी कुणाला हे ला, ने, चा, त हे प्रत्यय सांगतात. ही सगळी विरामचिन्हं आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या काळात, मेजर थॉमस कँडी ह्यांनी ती मराठीत रुजवली, १८५० साली त्यावर मराठीत पुस्तक काढलं. त्याच्या आधी आपलं चाललंच होतं की. आता ध चा मा झाला ती गोष्ट वेगळी, १७७३ साली कॉमा असता तरी नारायणराव वाचले असते असं वाटत नाही, तिथे खोडाखोडच अक्षरात झाली असं सांगतात.

साधं उदाहरण बघा. इंग्रजीत पोरांना जेवायला बोलवायचं तर ईट आणि चिल्ड्रन ह्यांच्या मध्ये कॉमा लागतो, नाही तर पोरंच जेवणात जातात, हा जोक आता इतका जुना झालाय की बाबा पण सांगत नाहीत. मराठीत? "मुलांनो जेवा." संपला विषय. तो "नो" आहे ना, तोच आपला कॉमा. शब्दाच्या पोटात शिवलेला.

पण मग आपण जेव्हा इंग्रजी लिहितो तेव्हा हे पोटातलं सगळं बाहेर सांडतं. अकरा वर्षांत मी आमच्या ऑफिसचे, सप्लायरचे, सी.ए.चे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे हजारो मेल वाचले असतील, त्यातल्या कॉमाच्या चुका कुणाच्याही मनात येतील तशा पडलेल्या नसतात, त्या एकजात मराठी चुका असतात. एक नंबरची चूक, "धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट, युवर मटेरियल इज रेडी." दॅटच्या नंतर कॉमा. हा कुठून आला? सरळ आपल्या नोटिशीतून. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की," आणि की नंतर कॉमा. शाळेत पण आपण "तो म्हणाला की," लिहून कॉमा देतोच. तोच की इंग्रजीत दॅट झाला आणि शेपटीला कॉमा घेऊन गेला. इंग्रजीत तिथे कॉमाचं काही काम नाही.

दुसरी चूक, "द मटेरियल विच वॉज डिस्पॅच्ड ऑन मंडे, हॅज रीच्ड." मंडेनंतर कॉमा का? कारण मराठी डोकं म्हणतंय, जो माल सोमवारी निघाला, तो पोचला. जो आणि तो ह्यांच्या मध्ये आपण थांबतो. इंग्रजीत तो गायब झाला पण थांबा तसाच राहिला, बंद पडलेल्या केएमटी बसच्या स्टॉपसारखा. आणि तिसरी, "ऑल्दो वी आर लेट, बट वी विल मॅनेज," जरी-तरीची जोडी, एक बैल सोडला की दुसरा पण मागे येतोच. हे मी वकिलाला सांगत होते तर तो म्हणाला, "ताई, तू मेल वाचतीस का जन्मपत्रिका?"

ह्या "विच"वरून आठवलं, ह्या एका कॉमाला मात्र मी खरंच घाबरते. "द कास्टिंग्ज विच वेअर रिजेक्टेड आर बीइंग रिटर्न्ड," असं लिहिलं तर अर्थ होतो की जी रिजेक्ट झाली तेवढीच परत चाललीत. आणि "द कास्टिंग्ज, विच वेअर रिजेक्टेड, आर बीइंग रिटर्न्ड," असं दोन कॉमांच्या मध्ये घातलं की सगळाच्या सगळा लॉट रिजेक्ट. दोन कॉमांत पाचशे पीसचा फरक. एकदा असा मेल आला तेव्हा मी क्वालिटीच्या साहेबांना फोन करायच्या आधी पाणी प्यायले होते. नंतर कळलं की लिहिणाऱ्याने कॉमा सहज टाकले होते, फक्त बारा पीस होते. ऑक्सफर्ड कॉमावरून लोक एवढे भांडतात पण ते निम्मं घराण्याचं भांडण आहे. खरा नुकसान करणारा कॉमा हा विचवाला.

आता गंमत. मी समजत होते की दॅटचा हा रोग फक्त आपल्याला आहे. तर आमचे जर्मन कस्टमर लिहितात, "वी थिंक, दॅट द सरफेस इज नॉट ओके." दॅटच्या आधी कॉमा! आधी मला वाटलं ह्या माणसाचं बोट चुकून पडतंय, मग बघितलं तर सगळेच जर्मन तसं लिहितात. कारण त्यांच्या भाषेत दॅटला जो शब्द आहे, उच्चार डास, चावणारा नव्हे, त्याच्या आधी कॉमा देणं सक्तीचं आहे. म्हणजे हॅम्बर्गचा माणूस दॅटच्या आधी कॉमा देतो, हातकणंगल्याचा माणूस दॅटच्या नंतर देतो, आणि बिचारा दॅट मध्ये सँडविच होऊन बसलाय. आणि दोघंही समोरच्याला मनात म्हणत असणार, ह्याला काय इंग्रजी येत नाही.

आणि जर्मन कॉमाचं इथेच संपत नाही. त्यांच्याकडे दशांशाच्या जागी पॉइंट नसतो, कॉमा असतो. ड्रॉइंगवर १२,५ लिहिलं म्हणजे साडेबारा मिलिमीटर. जुन्या लोकांना हे पाठ असतं. आमच्याकडे एक नवीन पोरगा आला होता, हुशार, कागलचा, त्याला मी एका ब्रॅकेटचं वजन बघून फ्रेट काढायला सांगितलं. अर्ध्या तासाने आला, तोंड पडलेलं.

"मॅडम, ह्या ब्रॅकेटला क्रेन लागंल की."

मी म्हटलं, कशाला? तर ड्रॉइंगवर वजन लिहिलेलं ३,२५० किलो. ह्याने सव्वातीन टन धरलेलं. मी खाली शॉपमधून ते ब्रॅकेट मागवलं आणि त्याच्या हातात दिलं, सव्वातीन किलोचं, कलिंगडाएवढं पण नाही. तो दोन मिनिटं त्याच्याकडे बघतच राहिला. त्याची तरी काय चूक, आपण हजारानंतर कॉमा देतो, पुढे लाखाला देतो, अमेरिकन लोक लाखाला देतच नाहीत, थेट दहा लाखाला देतात. २००३ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की दशांशाला पॉइंट पण चालेल आणि कॉमा पण चालेल. तिथे पण आमच्यासारखंच रविवारचं जेवण झालेलं दिसतंय. तेव्हापासून मी प्रत्येक कोटेशनमध्ये वजनाच्या पुढे किलो आणि कंसात ग्रॅम असं दोन्ही लिहिते. वेड्यासारखं दिसतं. दिसू दे.

पण परत त्या पिवळ्या हायलायटरच्या वाक्याकडे. मी आता एक युक्ती करते, कुठलंही महत्त्वाचं इंग्रजी वाक्य पाठवायच्या आधी मनात मराठीत म्हणून बघते, आणि ते पण कोल्हापुरीत. शॉपमधल्या फोरमनला मी हे कसं सांगेन? "हाउसिंग तेवढं पेटीत घाला, बाकीचं कार्टनला." झालं. "तेवढं" हा शब्द आला आणि सगळा घोळ संपला. इंग्रजीत तो "तेवढं" मी लिहिलाच नव्हता, तो माझ्या डोक्यातच राहिला होता, आणि आम्ही दोन तास भांडत होतो ते कॉमावर.

हे वकिलाला सांगितलं तर त्याने त्यावर पण केस काढली, वकिलाचं डोकं म्हणजे कपाट आहे. कॅनडात विजेच्या खांबांच्या करारावरून रॉजर्स आणि अलायंट ह्या दोन कंपन्यांचं भांडण. करार पाच वर्षांचा, पुढे परत पाच वर्षांचा, कॉमा, एक वर्षाची नोटीस देऊन रद्द केला नाही तर. तो कॉमा होता म्हणून २००६ साली तिथल्या नियामकाने ठरवलं की नोटीस देऊन करार पहिल्या पाच वर्षांतच कधीही मोडता येतो. दहा लाख डॉलरचा कॉमा म्हणून पेपरात गाजला. मग रॉजर्सने त्याच कराराचा फ्रेंच मजकूर पुढे केला, त्यात असा घोळ नव्हता, आणि २००७ मध्ये निकाल फिरला. म्हणजे इंग्रजीत अडकलेली गाडी दुसऱ्या भाषेने ढकलून काढली. मी म्हटलं बघ, माझीच युक्ती. तो म्हणाला, फ्रेंच न्हवं का ती, तुझी कोल्हापुरी कोर्टात चालंल व्हय?

चालेल न चालेल. पण शुद्ध-अशुद्धचं मला तसंही जरा वावडंच आहे, त्याचं कारण पुण्याचं हॉस्टेल. पहिल्याच दिवशी मी रूममेटला म्हणाले, "मी जेवून आलो." ती हसून पलंगावर लोळली. आमच्याकडे बायका आलो, गेलो, करतो असंच बोलतात, वर आई "मी वाढतो" म्हणाली ते वाचताना ज्यांना खटकलं ते कोल्हापूरचे नाहीत. दोन वर्षांत मी "आले, गेले" शिकले, आता लिहिते पण तसंच, हा ब्लॉग पण तसाच लिहितेय. पण उंबऱ्यातून आत पाय टाकला की तोंडातून "आलो" च निघतं. आणि बाबांनी, ज्यांनी आयुष्यभर लोकांचं इंग्रजी लाल केलं, त्यांनी आईचं "वाढतो" कधी लाल केलेलं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणाले, "ते चूक कुठे आहे? ते आमचं आहे." मग मी म्हटलं, तर मग दॅटनंतरचा कॉमा पण आमचाच आहे की, सगळा महाराष्ट्र देतो. बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तो तुझ्या कस्टमरला कळला पाहिजे ना. आईचं मला कळतंय." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये.

सोमवारी ऑफिसला जाऊन मी त्या कस्टमरला नवीन मेल लिहिला. दोन वाक्यं. ब्रॅकेट आणि फ्लँज कार्टनमध्ये, पॅलेटवर. हाउसिंग ओन्ली, लाकडी पेटीत. तो ओन्ली मी बोल्ड केला. यादीत अँडच्या आधी कॉमा देण्याचा प्रश्नच आला नाही कारण दोनच वस्तू होत्या, त्यामुळे बाबा आणि वकील दोघंही जिंकले असं मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं.

संध्याकाळी उत्तर आलं, एकच ओळ. ती मी घरी बाबांना मोबाइलवर दाखवली. "थँक यू, वी थिंक, दॅट नाऊ एव्हरीथिंग इज क्लियर."

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. हात खिशाकडे गेला, पेन बाहेर आलं, टोपण निघालं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा मोबाइल आहे.

"प्रिंट काढून आण ह्याची," म्हणाले.